शेवटचा बाक

मागच्या रविवारी उपासना संपल्यावर एक तरुण मुलगी जवळ आली. गायनवृंदात गाते, संडे स्कूललाही शिकवते. हळूच म्हणाली, "बाई, प्रार्थनेला बसते, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. हे पाप आहे का हो?" चर्चच्या दारात उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून आज इथं लिहिते. या वाटेनं मीही गेले आहे.

तेव्हा संडे स्कूल, महिला मंडळ, नाताळच्या गाण्यांची तालीम, शिवाय कॉलेज आणि घर, सगळं माझ्याकडे होतं. गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्यावर मला बोलायचं होतं. देवानं आपल्याला का टाकलं, असं येशू विचारतो तो उद्गार. वर्गात शिकवावं तसं मुद्देसूद बोलले. मंडळींनी कौतुक केलं. घरी येऊन कुकर लावला आणि लक्षात आलं, त्यातला एक शब्दही माझ्या आत पोचला नव्हता.

पाळकसाहेबांकडे गेले. वाटलं, उपास करा, आणखी प्रार्थना करा म्हणतील. त्यांनी विचारलं, "बाई, झोप किती तास होते? जेवण वेळेवर होतं का?" मला रागच आला. मग त्यांनी एलीयाची गोष्ट काढली. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून जेवायला घालतो. 'तू इथं काय करतोस?' हा देवाचा प्रश्न त्यानंतर येतो, चाळीस दिवसांची वाट चालून होरेबला पोचल्यावर. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत होते, पण हा क्रम कधी ध्यानात आला नव्हता. पाळकसाहेबांनी हेही बजावलं की झोप, भूक परत आलीच नाही तर सरळ डॉक्टरकडे जायचं, त्यात विश्वास कमी पडत नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ साली पुस्तकरूपानं आली, तेव्हा आमच्यातले कित्येकजण बिथरले होते. वर्षानुवर्षं त्यांना देव जवळ आहे असं जाणवत नव्हतं आणि सेवा मात्र चालूच होती. मला त्या पत्रांनी धीर दिला. पण त्यांचा दाखला देऊन दुसऱ्याला 'सोसा' म्हणणं मला पटत नाही. त्यांनीसुद्धा मनातला अंधार आपल्या धर्मगुरूंपाशी बोलून दाखवलाच होता.

आणि थोमा! शंकेखोर म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. पण शंका बोलून दाखवल्यावर आठ दिवसांनीही तो बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्यांनी त्याला घालवलं नाही, तोही निघून गेला नाही.

पाळकसाहेबांनी सहा महिने माझी सगळी कामं काढून घेतली आणि शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं. "बाई रुसल्या काय?" असं दोघींनी विचारलंही. शेजारी एक आजी बसायच्या. 'उपासना-संगीत' माझ्यापुढे धरून टिळकांची भजनं खड्या आवाजात म्हणायच्या. माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, तेव्हा पुस्तक तसंच धरून ठेवायच्या. प्रार्थना परत कधी जमू लागली, त्याची तारीख सांगता येणार नाही.

कामं पुढं परत आली, थोडी. बाक मात्र मी सोडला नाही. आजी आता नाहीत, त्यांची जागा रिकामी असते. ती मुलगी या रविवारी आली, तर तिला तिथंच बसवून घेणार आहे.