गृहचर्चा : बंगला विकणें आहे

‘टेकडीच्या पायथ्याशीं, दाट झाडीच्या शांत वस्तींत, मोकळ्या जागेसह स्वतंत्र बंगला विकणें आहे’, अशा अर्थाच्या जाहिराती पुण्याच्या पश्चिम भागासंबंधानें हल्लीं वारंवार दृष्टीस पडतात. जाहिरातींत जागेचें क्षेत्रफळ असतें, रस्त्याची रुंदी असते, आंब्याफणसाचा उल्लेखही असतो. परंतु त्या घरांत कोण राहिलें, आतां कोठें जाणार, आणि विकण्याचा विचार घरांतल्या सर्वांना पुसून झाला आहे किंवा नाहीं, हें त्यांत नसतें. असण्याचें कारणही नाहीं. तो प्रश्न ग्राहकाचा नव्हे, कुटुंबाचा आहे, आणि म्हणूनच आम्ही तो आमच्या वाचकांपुढें या महिन्यांत मांडीत आहों.

डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, एरंडवणें ही वस्ती आज कितीही जुनी वाटली तरी ती पुण्याच्या मानानें अर्वाचीन आहे. १८९७ च्या प्लेगानें पेठांतील दाट वस्तीचे दोष लोकांच्या पदरांत घातले. गांवाबाहेर झोंपड्यांत राहून परतलेल्या पुष्कळ कुटुंबांना मोकळ्या हवेची किंमत प्रथमच कळली. मुठेपलीकडे, भांबुर्ड्याच्या माळावर, फर्ग्युसन कॉलेज १८९५ मध्यें आपल्या आजच्या जागीं आलेंच होतें. पुढें १९०५ मध्यें भारत सेवक समाज, १९०६ मध्यें डेक्कन जिमखाना, १९१७ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि १९२४ मध्यें लॉ कॉलेज अशा संस्था निघाल्या, आणि त्यांच्या आसऱ्यानें प्राध्यापक, वकील, डॉक्टर व पेन्शनर मंडळींनीं टेकडीच्या बाजूला घरें बांधलीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील वाडे कोसळले, तेव्हां आणखी कित्येक कुटुंबें नदी ओलांडून उंच जागीं राहावयास आलीं.

हा इतिहास सांगण्याचें प्रयोजन एवढेंच कीं, आज जो बंगला विकतांना आपला कंठ दाटून येतो, तो बांधणाऱ्या आजोबांनीं स्वतः एक वाडा मागें सोडलेला होता. त्या वाड्यांतही देवघर होतें, तुळशीवृंदावन होतें, आणि निघतांना कोणीतरी आजीबाई उंबऱ्यावर डोळे पुशीत उभ्या राहिल्याच असतील. तेव्हां ‘वडिलार्जित वास्तु विकणें म्हणजे पूर्वजांचा अपराध’ ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. जिना चढवत नाहीं, मुलें परदेशीं स्थायिक झालीं, छपराची गळती दरवर्षीं नवी वाट शोधते, बागेला माणूस मिळत नाहीं, अशा स्थितींत घर राखण्यासाठीं माणसांनीं झिजावें हें शहाणपणाचें नव्हे. घर माणसांसाठीं असतें. अपराध घडतो तो विकण्यांत नव्हे, विकण्याच्या रीतींत.

ही रीत कशी बिघडते याचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या कुटुंबांतलें आहे. वडिलांनीं स्वतःच्या मिळकतींतून टेकडीलगत बंगला बांधला आणि मृत्युपत्र न करतां ते निवर्तले. मागें आई, दोन मुलगे व दोन मुली. थोरले चिरंजीव व त्यांच्या पत्नी आईसह त्याच घरांत राहिले, धाकटे परदेशीं, मुली सासरीं, एक नाशिकास व एक नागपुरास. चांगला गिऱ्हाईक चालून आला तेव्हां दोघां भावांनीं दूरध्वनीवर बेत पक्का केला, आणि दिवाळीस माहेरीं आलेल्या बहिणींपुढें भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं हक्कसोडपत्राचे तयार कागद ठेवले. थोरलीनें लेखणी उचलली. धाकटीनें विचारलें, “दादा, आईला विचारलेंस का?” कोणी बोललें नाहीं. आईला कोणी विचारलेंच नव्हतें. ती पलीकडच्या खोलींत निवांतपणें फराळाचे डबे भरीत होती.

यांत दुष्टपणा कोणाचा नव्हता, हें ध्यानांत घ्यावें. दादांनीं वीस वर्षें आईचें औषधपाणी पाहिलें, घरपट्टी भरली, कौलें बदललीं. त्यांच्या मतें घर त्यांचेंच होतें व भाऊबहिणींचा त्यांत लोभ तेवढा होता. परंतु आईची सेवा वेगळी आणि मालकी वेगळी. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे सज्जन माणसांच्या हातूनही अन्याय होतो. म्हणून कायदा काय म्हणतो तें प्रथम स्वच्छ समजून घेणें अवश्य आहे.

वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नसतां, १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें पत्नी, मुलगे, मुली, आणि मृताची आई हयात असल्यास तीही, यांच्यांत सारखी विभागते. वरील कुटुंबांत आई व चार भावंडें असे पांच हिस्से. प्रत्येकाचा एक पंचमांश. मुलीचा हा वांटा नवा नाहीं, तो १९५६ पासूनचा आहे. मात्र त्याच कायद्यांत एक अडसर होता. घरांतील पुरुष वारस स्वतः वांटणी करावयास निघत नाहींत तोंपर्यंत राहत्या घराची वांटणी मागण्याचा अधिकार स्त्री वारसांना नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें तो अडसर काढून टाकला.

घर एकत्र कुटुंबाचें, वडिलोपार्जित असेल तर गोष्ट थोडी निराळी. तेथें मुलगी जन्मानेंच मुलाप्रमाणें सहदायाद होते. महाराष्ट्रानें हें १९९४ मध्येंच केलें होतें, पण त्यापूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या; २००५ च्या दुरुस्तीनें तो भेद राहिला नाहीं. दुरुस्तीच्या दिवशीं वडील हयात असण्याची आवश्यकता नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या त्यामुळें मोडत नाहींत. तेव्हां ‘लग्न झालें, तिचा आतां काय संबंध?’ हें वाक्य कोणीही वडीलधाऱ्यानें यापुढें उच्चारूं नये. तें आतां कायद्यांतही खरें नाहीं आणि नीतींत तर कधींच नव्हतें.

आणखी एक तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते. वारसाहक्कानें एकत्र आलेल्या अशा मिळकतींतील आपला हिस्सा वर्ग १ मधील एखादा वारस विकूं लागला, तर तो विकत घेण्याचा अग्रहक्क त्याच्या सहवारसांना आहे. तसेंच अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा परक्यानें विकत घेतला, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें त्याला घरांत येऊन एकत्र राहण्याचा अधिकार मिळत नाहीं. आणि त्यानें वांटणीचा दावा लावल्यास १८९३ च्या वांटणी कायद्यानें घरच्या माणसाला तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किंमतीस परत घेतां येतो. कुटुंबाच्या छपराखालीं उपरा शिरूं नये ही चिंता आपल्या आधींच्या पिढ्यांनींही वाहिली होती, हें यावरून दिसेल.

आतां हक्कसोडपत्राविषयीं. बहिणीनें राजीखुशीनें आपला वांटा भावास सोडूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. माहेर टिकावें म्हणून जिनें विचारपूर्वक तो सोडला, तिच्या औदार्यास आमचा नमस्कारच आहे. परंतु देणगी ती, जी देणाराला ठाऊक असते. किती सोडतों, कोणाच्या लाभांत सोडतों, हें न कळतां केलेली सही ही देणगी नव्हे. स्थावराचें हक्कसोडपत्र नोंदवावें लागतें आणि एकदां नोंदलें कीं परत फिरणें अतिशय कठीण. म्हणून आमची भगिनींस विनंति अशी कीं, कागद घरीं न्यावा, शांतपणें वाचावा, आपल्या ओळखीच्या वकिलास दाखवावा. हा अविश्वास नव्हे. बँकेचा कागद वाचून सही करणारी स्त्री भावाचा कागद न वाचतां सही करते, त्यांत प्रेम थोडें आणि भीड फार असते.

उलट बाजूही तितक्याच आग्रहानें मांडली पाहिजे. जो मुलगा व जी सून आईबापांजवळ राहिलीं, त्यांनीं जें केलें त्याचा हिशेब वारसा कायद्याच्या पंचमांशांत बसत नाहीं. डागडुजीचा, घरपट्टीचा, पाण्याच्या टाकीचा खर्च एकट्यानें केला असेल तर वांटणीपूर्वीं तो मोजून बाजूस काढावा. रात्रीं-अपरात्रीं उठलेल्या सुनेच्या श्रमांचें बिल होत नाहीं, पण निदान त्यांचा उल्लेख सर्वांसमक्ष व्हावा. दूर राहणाऱ्या भावंडांना घराची ओढ असते ती सुटींतल्या घराची. जवळ राहणाराला तेंच घर गळक्या छपरासह रोज अंगावर घ्यावें लागतें.

आणि आई? तिचा वांटा तिच्या नांवें, तिच्या एकटीच्या खात्यांत जमा झाला पाहिजे. ‘आईला पैसे काय करावयाचे आहेत?’ या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे: न मागतां जगावयाचें आहे. तिनें आपण होऊन आपला वांटा मुलांस देऊं केला, तर सांभाळ करण्याची अट लेखांत स्पष्ट शब्दांनीं लिहावी. ज्येष्ठ नागरिकांसंबंधीं २००७ चा जो कायदा आहे, त्याप्रमाणें अशी अट मोडल्यास दिलेलें दान रद्द ठरवून घेतां येतें. पण अट लिहिलेली नसली कीं तीच शाबीत करण्यांत वृद्धाचे दिवस जातात. पैशाहून मोठा प्रश्न तिच्या राहण्याचा. सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे, ही वांटणी भांड्याकुंड्यांची असते, आईची नव्हे. ती कोठें राहणार हें तिनें ठरवावें, आणि तें ठरल्यावांचून विसार घेऊं नये.

प्राप्तिकराचाही विचार सौद्यापूर्वींच करावा. ज्याच्या हिश्शाचा नफा, त्याच्या नांवें कर. २००१ पूर्वींच्या घराची मूळ किंमत नगण्य असली तरी १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरतां येते. म्हणून त्या तारखेचें मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करवून घ्यावें. नवें घर घेतल्यास मिळणारी सवलत मुदतींत बांधलेली असते, आणि ती मुदत भावंडांच्या भांडणासाठीं थांबत नाहीं.

झाडांविषयीं एक शब्द. टेकडीच्या या वस्तीची शोभा बंगल्यांहून बकुळ, सोनचाफा, आंबा यांनींच राखली आहे. महाराष्ट्रांत शहरी भागासाठीं १९७५ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. परवानगीवांचून स्वतःच्या आवारांतलें झाडही तोडतां येत नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा-वृक्षाचा दर्जा दिला. तरीही विक्रीनंतर झाडांचें नशीब बहुतांशीं खरेदीदाराच्या हातीं असतें. म्हणून सौदा ठरतांनाच आवारांतील झाडांची यादी, जात व घेर यांसह करारास जोडावी, आणि कोणतीं राखावयाचीं तें आराखड्यांत दाखवावयास सांगावें. चार रुपये कमी देणारा पण आंबा राखणारा गिऱ्हाईक मिळाला, तर त्याचा विचार अवश्य करावा.

घर रिकामें करतांना माळ्यावरचें बोचकें रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं सोडून पाहावें. जुनीं पत्रें, मोडी कागद, हस्तलिखित पोथ्या, मासिकांचे बांधीव अंक यांस घरांत जागा उरली नसली, तरी १९१० मध्यें स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ याच शहरांत आहे. अशा संस्थांकडे आधीं विचारणा करावी. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं याच टेकडीच्या उतारांवर हिंडतां हिंडतां अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारें टिपलीं होतीं. पाहणारा असला तर फेंकलेल्या दगडांतही इतिहास सांपडतो. देवघराचें काय करावें याचाही वाद होतो. ज्याच्या हातून पूजा होणार आहे त्याच्याकडे देव जावेत; तो मुलगा असो वा मुलगी.

वर सांगितलेल्या कुटुंबाची हकीकत अशी संपली. त्या दिवाळीस सह्या झाल्या नाहींत. आईला दुसऱ्या दिवशीं मधल्या खोलींत बसवून सर्व सांगण्यांत आलें. ती म्हणाली, “विका. मला जिना होत नाहीं हें मी तुम्हांला दोन वर्षें सांगतें आहें. पण मला टेकडी दिसेल अशा खोलींत ठेवा.” सौदा आठ महिने लांबला. दादांचा खर्च प्रथम वजा झाला, मग पांच सारखे भाग पडले. थोरल्या बहिणीनें आपल्या भागांतून कांहीं रक्कम स्वखुशीनें वहिनींच्या नांवें ठेवली. धाकटीनें ठेवली नाहीं, आणि त्याबद्दल तिला कोणीं बोल लावला नाहीं. आई थोरल्या मुलासुनेसह त्याच भागांत तळमजल्यावर राहते. बहिणी दिवाळीस तेथेंच येतात.

आमच्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, क्रम चुकूं देऊं नये. प्रथम घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारावें, मग सर्वांनीं एकत्र बसावें, मग हिशेब, मग वकील, आणि सर्वांच्या शेवटीं जाहिरात. जेथें ही परंपरा उलटी होते, तेथें घराला किंमत चांगली येते खरी, पण पुढें लग्नकार्याच्या पत्रिका टपालानें जाऊं लागतात.