दीडशे माणसांची खोली

आमच्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींत हल्ली एक मत इतके रूढ झाले आहे की, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य तत्काळ जुनाट ठरतो. ते मत असे : नवे संगीत शोधण्यासाठी आता कोणी कोठे जाण्याची गरज उरलेली नाही, जगातील यच्चयावत गाणी प्रत्येकाच्या खिशात आली आहेत, जे चांगले असेल ते आपल्या गुणांनीच वर येईल, आणि कोणाला काय आवडेल हे यंत्र त्याच्याआधी ओळखील. मग इंग्लंडातील चार-दोन पबांच्या मागल्या खोल्या बंद पडल्या, तर त्याचे एवढे सुतक कशाला? हे मत आम्ही कचेरीत चहाच्या वेळी ऐकले आहे, मंडळाच्या कोजागिरीला ऐकले आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत 'कोल्डप्ले'चे कार्यक्रम नवी मुंबई व अहमदाबाद येथे झाले तेव्हा तर फारच मोठ्या आवाजात ऐकले. आमचे म्हणणे असे की, हे मत साफ चुकीचे आहे. इतकेच नव्हे, तर ज्या बँडांची नावे घेऊन ते मांडले जाते, त्यांचाच इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो.

प्रथम त्या 'कोल्डप्ले'चेच पाहा. नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन दिवस मैदाने भरून टाकणाऱ्या ह्या चौघांनी १९९८ साली 'सेफ्टी' नावाची आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली होती. तिच्या प्रती होत्या अवघ्या ५००. त्याच वर्षी लंडनच्या कॅम्डेन भागातील 'फाल्कन' नावाच्या पबात सायमन विल्यम्स ह्या गृहस्थांनी त्यांना ऐकले आणि आपल्या 'फियर्स पांडा' ह्या चिमुकल्या कंपनीतर्फे त्यांची पुढली मुद्रिका प्रसिद्ध केली. मैदानाकडे पाहणाऱ्याला पबातली खोली दिसत नाही, हे खरे. परंतु त्या खोलीवाचून हे मैदान भरले नसते, हेही तितकेच खरे.

'इंडी' हा शब्द आपल्याकडे गाण्याची एखादी चाल किंवा पोशाखाची एखादी तऱ्हा असावी अशा समजुतीने वापरला जातो. मुळात तो मालकीविषयीचा शब्द आहे. बड्या कंपनीच्या दारात न ताटकळता आपली मुद्रिका आपण काढायची, हा त्याचा अर्थ. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' ह्या बँडाने १९७७ च्या जानेवारीत पैसे उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' काढली, तेव्हा इंग्लंडातील शेकडो तरुणांना कळले की हे आपल्यालाही करता येते. पण त्यांना स्वतःला ते कोठे कळले? त्यांतील हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली ह्यांनी ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या 'लेसर फ्री ट्रेड हॉल'मध्ये 'सेक्स पिस्टल्स'चा कार्यक्रम घडवून आणला होता. श्रोते मूठभरच होते. त्या मूठभरांत पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते. पुढे त्यांच्याच हातून 'जॉय डिव्हिजन' आणि 'न्यू ऑर्डर' हे बँड उभे राहिले. त्या संध्याकाळी कोणालाही ओळखीचे, आवडीचे असे काही ऐकायला मिळाले नाही. मिळाले ते अपरिचित. आणि अपरिचिताशी समोरासमोर गाठ पडणे ह्यालाच आम्ही शोध म्हणतो.

लहान खोलीचे कार्य कसे चालते हे नीट समजून घेतले पाहिजे. तेथे एका रात्री तीन-चार बँड वाजवतात. आपण एकासाठी तिकीट काढतो आणि दुसऱ्याच्या प्रेमात पडून घरी येतो. ग्लासगोच्या 'किंग टट्स वाह वाह हट' ह्या तीनशे माणसांच्या जागेत ३१ मे १९९३ रोजी हेच घडले. 'क्रिएशन' कंपनीचे अ‍ॅलन मॅगी तेथे गेले होते ते दुसऱ्यांना ऐकण्यासाठी. मँचेस्टरहून आलेल्या एका अनोळखी टोळक्याचे नाव मूळ कार्यक्रमात नव्हतेही. त्यांनी हट्टाने चार गाणी वाजवण्यापुरता वेळ मिळवला. त्या टोळक्याचे नाव 'ओअ‍ॅसिस'. पुढे १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या दोन दिवसांत त्यांच्यापुढे अडीच लाख माणसे उभी होती. मॅगींना त्या रात्री कोणत्याही यादीने 'ओअ‍ॅसिस' सुचवले नव्हते. ते त्या खोलीत होते, एवढीच त्यांची पात्रता.

येथे आमचे विरोधक एक हुकमी पान टाकतात. 'आर्क्टिक मंकीज' तर इंटरनेटवरून वर आले ना? २००६ च्या जानेवारीत त्यांची पहिली तबकडी निघाली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या ३,६३,००० हून अधिक प्रती खपल्या. ही किमया संगणकाचीच ना? आम्ही विचारतो, ती गाणी संगणकावर आली कोठून? शेफील्डच्या लहान पबांत आणि क्लबांत ही पोरे वाजवत होती आणि आलेल्या श्रोत्यांना आपल्या गाण्यांच्या तबकड्या फुकट वाटत होती. ज्यांनी त्या घरी नेल्या त्यांनी त्या इतरांपर्यंत पोहोचवल्या. संगणकाने टपाल वाहिले, ह्याबद्दल त्याचे आभार. परंतु पत्र लिहिले गेले ते खोलीत. आणि ज्यांना ह्याहून ताजे उदाहरण हवे असेल त्यांनी लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील 'विंडमिल' हा पब पाहावा. त्यात दीडशे माणसे मावतात. 'ब्लॅक मिडी' ह्या बँडाचा बोलबाला तेथूनच झाला, तोही संगणकावर त्यांचे जवळजवळ काहीच उपलब्ध नसताना. २०१९ साली त्यांची पहिली तबकडी मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत होती. 'शेम', 'गोट गर्ल', 'स्क्विड', 'ब्लॅक कंट्री न्यू रोड', 'द लास्ट डिनर पार्टी' ह्या सर्वांच्या पावलांची धूळ त्याच मंचावर आहे.

आता यंत्राच्या आवडीनिवडीविषयी. ह्या बाबतीत आम्ही थोड्या अधिकाराने बोलू शकतो, कारण यंत्राची कार्यपद्धती आम्हां कारकुनांच्या चांगल्या परिचयाची आहे. नवे प्रकरण टेबलावर आले की आम्ही काय करतो? जुनी फाईल मागवतो, मागल्या खेपेस काय ठरले ते पाहतो आणि त्याला अनुसरून टिपणी लिहितो. पूर्वोदाहरण नसेल तर प्रकरण बाजूला ठेवतो. यंत्रही हेच करते. तुम्ही काल काय ऐकले आणि तुमच्यासारख्या इतरांनी काय ऐकले, हे पाहून ते आजचा शेरा मारते. कचेरीत ही पद्धत योग्य आहे. तिच्यामुळे मनमानीला आळा बसतो, आणि तिच्यावरच आमचा संसार चालतो. परंतु पूर्वोदाहरणाच्या आधारे निवृत्तिवेतन मंजूर होते, नवी कला मंजूर होत नाही. १९७६ सालच्या मँचेस्टरमधील एखाद्या तरुणाच्या आवडीची फाईल मागवली असती, तर त्या संध्याकाळी त्याला घरीच बसवणारा शेरा निघाला असता.

ह्या पद्धतीची परिणती कोठे होते हेही जगाने पाहिले आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात 'व्हेल्व्हेट सनडाउन' नावाच्या एका बँडाला ऐकणाऱ्यांची मासिक संख्या दहा लाखांवर गेली. मागाहून उघड झाले की, त्या बँडात माणूसच नाही. गाणी आणि छायाचित्रे सारी यंत्राने केलेली. एका यंत्राने गायिले, दुसऱ्या यंत्राने शिफारस केली, आणि मधल्या दहा लाख माणसांना कोणी विचारलेच नाही. विंडमिलच्या मंचावर हे एक रात्रही टिकले नसते. तेथे गाणाऱ्याला घाम येतो, तार तुटते, सूर घसरतो, समोरचा माणूस पाठ फिरवून बाहेर जातो. ह्या सगळ्यातून जो पुन्हा पुढल्या आठवड्यात येतो तो शिकतो. लहान खोली ही प्रदर्शनाची जागा नव्हे. ती शाळा आहे, आणि नापास होण्याची मुभा असलेली शाळा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. खोल्या तोट्यात जात असतील तर त्या बंद होणारच. बाजाराच्या नियमापुढे हळहळून काय उपयोग? येथे थोडे आकडे देणे भाग आहे. ह्या लहान जागांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये स्थापन झालेल्या 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ह्या संस्थेच्या हिशेबानुसार एकट्या २०२३ मध्ये ब्रिटनमधील अशा १२५ जागा गायनवादनाला मुकल्या. २०२४ मध्ये शंभरांपैकी जवळजवळ ४४ जागा तोट्यात होत्या आणि सरासरी नफा शेकडा अर्धा टक्काही नव्हता. त्या वर्षी ह्या जागांनी संगीतावर जो तोटा सोसला तो १६ कोटी २० लाख पौंडांचा होता. म्हणजे दारूच्या पेल्यावर मिळालेले पैसे त्यांनी गाण्यात घातले. १९९४ साली होतकरू बँडाचा दौरा सरासरी २२ कार्यक्रमांचा असे. २०२४ मध्ये तो ११ वर आला. ह्या आकड्याकडे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. तीस वर्षांत दौरा निम्म्यावर आला, म्हणजे कित्येक गावांतल्या पोरांना आपल्या गावी नवा बँड पाहण्याची संधी राहिली नाही. बाथ येथील 'मोल्स' ह्या क्लबात 'रेडिओहेड', 'ब्लर', 'ओअ‍ॅसिस' सारे वाजवून गेले. पंचेचाळीस वर्षांनंतर २०२३ च्या डिसेंबरात तो बंद झाला. शेफील्डच्या 'लेडमिल'च्या जुन्या चालकांना जागामालकाशी प्रदीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर २०२५ च्या जूनमध्ये आपला शेवटचा कार्यक्रम करावा लागला.

ह्याला बाजाराचा नियम म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर 'ओअ‍ॅसिस'च्या पुनर्मीलनाची तिकिटे विक्रीस निघाली, तेव्हा सुमारे दीडशे पौंडांची तिकिटे रांगेत उभे असलेल्यांच्या डोळ्यांदेखत साडेतीनशेच्या पुढे गेली. पैसा नाही असे नाही. तो वरच्या मजल्यावर साचला आहे आणि ज्या पायावर इमारत उभी आहे त्याच्या डागडुजीला कोणी छदाम देत नाही. शेतकरी उपाशी राहिला तरी बियाणे दळून खात नाही. येथे बियाणे विकून मेजवान्या झडत आहेत.

उपाय ठाऊक नाही असेही नव्हे. ब्रिटिश संसदेच्या संस्कृतिविषयक समितीने २०२४ च्या मे महिन्यात सुचवले की, मोठ्या मैदानांच्या तिकिटांवर अल्पशी पट्टी बसवून ती रक्कम लहान जागांना द्यावी. नोव्हेंबरात सरकारने ह्याला मान्यता दिली, पण पट्टी 'ऐच्छिक' असावी म्हणून. 'एन्टर शिकारी' आणि सॅम फेन्डर ह्यांनी तिकिटामागे एकेक पौंड दिला. 'कोल्डप्ले'ने २०२५ मधील वेम्ब्ली व हल येथील आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा देऊ केला. त्यांचे मोठेपण आम्ही मान्य करतो. परंतु सरकारी नोकरीत ज्याने दहा वर्षे काढली आहेत त्याला 'ऐच्छिक' ह्या शब्दाचे मोल ठाऊक आहे. ऐच्छिक वर्गणीत देणारे नेहमी तेच असतात आणि चुकवणारेही तेच. फ्रान्सने दानशूरांची वाट पाहिली नाही. तेथे अशा कार्यक्रमांच्या तिकिटांवर साडेतीन टक्के कर आहे आणि तो राष्ट्रीय संगीत केंद्राकडे जाऊन संगीतासाठीच खर्च होतो. तेथील मोठे कलावंत त्यामुळे भिकेला लागल्याचे ऐकिवात नाही.

शेवटचा प्रश्न आम्हांला हसत विचारला जातो : हे सारे खरे धरले तरी तुम्हांला त्याचे काय? ना तुम्ही विलायत पाहिली, ना तुमच्या पगारात ती बसते! उत्तर सोपे आहे. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणां लोकांइतके हे दुसऱ्या कोणाला कळावे? कला जेव्हा फक्त राजधान्यांतून आणि भव्य मैदानांतून वावरू लागते, तेव्हा दूर पडलेल्या माणसाच्या वाट्याला तिची जाहिरात तेवढी येते. आणि दूर राहूनही श्रोत्याला काही करता येते. जॉन पील ह्या निवेदकाने १९६७ पासून २००४ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत बीबीसीवरून अनोळखी बँडांच्या मुद्रिका वाजवल्या. १९७८ साली उत्तर आयर्लंडातील 'अंडरटोन्स' ह्या कोवळ्या पोरांचे एक गाणे आवडले म्हणून लागोपाठ दोनदा वाजवले. त्यांच्यामागे कोणतीही आकडेमोड नव्हती, उघडे कान होते. २०१० साली बीबीसीने आपली '६ म्युझिक' वाहिनी बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा श्रोत्यांनी ओरड करून तो हाणून पाडला. म्हणजे श्रोता अगदीच दुबळा नसतो.

म्हणून वाचकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ह्या महिन्यात एक बँड असा शोधा की ज्याची शिफारस तुम्हांला कोणत्याही यंत्राने केलेली नाही. विंडमिलच्या किंवा किंग टट्सच्या कार्यक्रमपत्रिकेवरील, तळाशी बारीक टाइपात छापलेले नाव घ्या आणि ते ऐका. आवडले तर त्याची तबकडी थेट त्या बँडाकडून पैसे मोजून विकत घ्या. मैदानाच्या एका तिकिटाच्या किमतीत अशा कितीतरी येतील. आणि ज्या गावी सरकारने आपल्याला पाठवले आहे, तेथे चार पोरे एखाद्या लहानशा खोलीत पहिल्यांदा वाजवणार असतील, तर तिकीट काढून जा. गाणे कदाचित फसेल. फसू द्या. वीस वर्षांनी ज्यांच्यासाठी मैदानाबाहेर रांगा लागतील, त्यांना आज समोर बसणारी दीडशे माणसे हवी आहेत, आणि ती माणसे यंत्राला पुरवता येत नाहीत.