वीट मऊ असली तरी ती वीटच

दगडापेक्षा वीट मऊ ही म्हण संसारात उपयोगी पडते, तशी राजकारणातही पडते. परंतु विटेला उशी समजून तिच्यावर डोके टेकणाऱ्याला झोप कशी लागते, हे ती म्हण सांगत नाही. फ्रान्समधील डाव्या मतदारांनी गेल्या पाव शतकात हा अनुभव तीन वेळा घेतला आहे. दोन नकोशा उमेदवारांतून एक निवडण्याची पाळी आली तर समाजवादी कार्यकर्त्याने काय करावे, हा प्रश्न केवळ तात्त्विक वादाचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फ्रान्सचा अनुभव बारकाईने तपासला पाहिजे.

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनता करते. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिले दोघे दोन आठवड्यांनी पुन्हा मतदारांपुढे उभे राहतात. पहिल्या फेरीत निवडायचे आणि दुसऱ्या फेरीत नाकारायचे, असे तेथे म्हटले जाते. २१ एप्रिल २००२ रोजी या पद्धतीचा अनपेक्षित निकाल हाती आला. सोळा उमेदवारांच्या गर्दीत उजव्या पक्षाचे जाक शिराक यांना १९.८८ टक्के, अतिउजव्या नॅशनल फ्रंटचे झाँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के आणि समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. दोन लाखांहूनही कमी मतांनी समाजवादी उमेदवार बाहेर फेकला गेला. त्याच फेरीत जोस्पँ यांच्याच सरकारात मंत्री राहिलेल्या शव्हेनमाँ यांनी पंधरा लाख मते घेतली होती, आणि अठ्ठावीस टक्क्यांहून अधिक मतदार घरीच बसले होते.

दोष केवळ फाटाफुटीचा मानणे सोयीचे असले, तरी ते अर्धसत्य आहे. आठवड्याला पस्तीस तासांच्या कामाचा कायदा करणाऱ्या जोस्पँ सरकारनेच सरकारी उद्योगांचे भांडवल मोठ्या प्रमाणावर खाजगी हाती जाऊ दिले होते. आणि निवडणुकीच्या तोंडावर खुद्द जोस्पँ यांनी आपला कार्यक्रम समाजवादी नसल्याचे जाहीर केले. उमेदवार स्वतःच असे सांगू लागला, तर कामगाराने कोणत्या ओढीने मतपेटीपर्यंत यावे?

पुढचे दोन आठवडे मात्र फ्रेंच लोकशाहीच्या इतिहासात अभिमानाने नोंदवावेत असे होते. १ मे २००२ रोजी दहा लाखांहून अधिक माणसे ल पेन यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. शिराक यांच्यावर पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातील गैरव्यवहाराचे आरोप होते. त्यामुळे लफंग्याला मत द्या, पण फॅसिस्टाला देऊ नका, अशा अर्थाचे फलक मिरवले गेले. शिराक ८२.२१ टक्के मतांनी निवडून आले. त्यांच्या अडीच कोटी मतांत डाव्यांचा वाटा फार मोठा होता. परंतु त्या मतांची कोणतीही किंमत आगाऊ ठरवलेली नव्हती. सरकार निखळ उजव्यांचे बनले, जूनमध्ये संसदेतही त्यांनाच बहुमत मिळाले आणि २००३ साली सरकारी नोकरांना पूर्ण निवृत्तिवेतनासाठी साडेसदतीसऐवजी चाळीस वर्षे वर्गणी भरायला लावणारा कायदा झाला. अटी न घालता दिलेले मत हा कोरा धनादेश असतो. तो वटवताना देणाऱ्याला कोणी विचारत नाही.

२०१७ साली इतिहासाची पुनरावृत्ती झाली. या वेळी झाँ-मारी यांची कन्या मारीन ल पेन यांच्यासमोर एमान्युएल माक्राँ होते. माक्राँ ६६ टक्के मतांनी विजयी झाले. त्यांनी श्रीमंतांच्या संपत्तीवरील कर स्थावर मालमत्तेपुरता मर्यादित केला, भांडवली उत्पन्नावर ३० टक्क्यांचा सपाट दर लावला आणि कामगारांना कामावरून काढणे मालकांना सोपे करून दिले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इंधनावरील करवाढीचे निमित्त होऊन पिवळ्या जाकिटांचे आंदोलन भडकले, त्यामागे हा सगळा हिशेब साचलेला होता. २०२२ साली पुन्हा तीच जोडी समोर आली. विजयाच्या रात्री माक्राँ यांनी, ल पेन यांना रोखण्यासाठी आपल्याला मत देणाऱ्यांचे आपण बांधील आहोत, असे सांगितले. वर्षभरातच, १६ मार्च २०२३ रोजी, त्यांच्या सरकारने निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारा कायदा राष्ट्रीय सभेत मतदान न घेता रेटला.

या काळात ल पेन कुटुंबाची दुसऱ्या फेरीतील मते ५५ लाखांवरून एक कोटी सहा लाखांवर आणि तेथून एक कोटी तेहतीस लाखांवर गेली. दर वेळी धरण बांधले गेले आणि दर वेळी त्यामागचे पाणी चढत राहिले. उत्तरेकडील एनँ-बोमाँ हे कोळसा खाणींचे गाव एकेकाळी समाजवाद्यांचा बालेकिल्ला होते. २०१४ पासून तेथे नॅशनल फ्रंटचा महापौर निवडून येऊ लागला. खाण बंद पडली, संघटना विरली, आणि त्या पोकळीत परकीयांच्या द्वेषाने घर केले.

यावरून काही डावे मित्र असा निष्कर्ष काढतात की, दोघेही सारखेच. मतपत्रिका कोरी टाकावी. २०१७ साली चाळीस लाखांवर मतदारांनी कोरी वा बाद मते टाकली. त्यांच्या संतापाचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे. एक उमेदवार कामगाराची दोन वर्षे हिरावून घेतो. दुसरा उमेदवार नोकरी, घर व सामाजिक साहाय्य यांत नागरिकांना अग्रक्रम देणारा भेदभाव सार्वमताने राज्यघटनेतच घालू पाहतो आणि परदेशातून आलेल्या कामगाराला त्याच्या शेजारच्या कामगारापासून तोडतो. पहिला अन्याय संघर्षाने परतवता येतो. दुसऱ्यामुळे संघर्ष करणारी एकजूटच मोडते. २०२३ च्या त्याच निवृत्तिवेतन कायद्याची अंमलबजावणी २०२५ च्या अखेरीस संसदेला स्थगित करावी लागली. संप, मोर्चे आणि संसद यांच्या वाटा खुल्या राहिल्या म्हणून हे घडू शकले. या वाटा खुल्या ठेवणारा प्रतिपक्षी निवडणे म्हणजे त्याला आपला मानणे नव्हे. मेलाँशाँ यांनी २०२२ साली ल पेन बाईंना एकही मत देऊ नका असे बजावले, पण माक्राँ यांना मत द्या असे म्हटले नाही. या संकोचाची कारणे समजण्यासारखी होती. तरी मोजणी शेवटी दोघांच्याच मतांची होते.

येथे जर्मनीचा दाखला हमखास दिला जातो. १९३२ साली सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्वतःचा उमेदवार उभा न करता हिटलरविरुद्ध वृद्ध सेनानी हिंडेनबुर्ग यांना पाठिंबा दिला. १० एप्रिलला हिंडेनबुर्ग ५३ टक्के मतांनी निवडून आले आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्यांनीच हिटलरला चॅन्सेलर नेमले. मग ते मत वाया गेले काय? नीट पाहिले तर घात झाला तो मतदानाच्या दिवशी नव्हे. २० जुलै १९३२ रोजी हिंडेनबुर्ग यांच्या हुकमाने प्रशियातील सोशल डेमोक्रॅटांच्या नेतृत्वाखालील सरकार बडतर्फ झाले, तेव्हा पक्ष आणि कामगार संघटना न्यायालयाकडे व पुढील निवडणुकीकडे डोळे लावून बसल्या. सार्वत्रिक संपाची हाक निघाली नाही. दुसरीकडे कम्युनिस्ट पक्ष सोशल डेमोक्रॅटांनाच मुख्य शत्रू ठरवत होता. कमी वाईटाला मत देणे ही चूक नव्हती. मत दिल्यावर आपले काम संपले असे समजणे, ही चूक होती.

याउलट २०२४ च्या उन्हाळ्याकडे पाहावे. ९ जूनला युरोपीय निवडणुकीत अतिउजव्यांनी मुसंडी मारली व माक्राँ यांनी राष्ट्रीय सभा बरखास्त केली. तेव्हा एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या डाव्या पक्षांनी आठवड्याच्या आत नवी लोक-आघाडी उभी करून समान कार्यक्रम जाहीर केला. दुसऱ्या फेरीपूर्वी डाव्यांच्या आणि माक्राँ-गटाच्या मिळून दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली. ७ जुलैला आघाडी सर्वांत मोठा गट ठरली आणि अतिउजवे तिसऱ्या क्रमांकावर गेले. माक्राँ यांनी तरीही पंतप्रधान म्हणून उजव्या पक्षाचे बार्निए यांना नेमले. ही कृतघ्नता होती यात शंका नाही. परंतु २००२ प्रमाणे डावे या वेळी निमूट घरी गेले नाहीत. डिसेंबरमध्ये बार्निए यांचे सरकार पाडताना त्यांच्याजवळ स्वतःचा गट होता आणि स्वतःचा कार्यक्रमही होता.

माक्राँ यांची दुसरी मुदत २०२७ साली संपते. फ्रेंच समाजवाद्यांनी २०२२ चा एक आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. पहिल्या फेरीत मेलाँशाँ हे ल पेन यांच्या मागे राहिले ते सव्वाचार लाख मतांनी, आणि त्याच फेरीत एकट्या कम्युनिस्ट उमेदवाराची मते आठ लाख होती, तर समाजवादी उमेदवाराची सहा लाखांवर. दगड की वीट, हा प्रश्न दुसऱ्या फेरीत विचारला जातो; तो विचारला जाणार की नाही, हे पहिल्या फेरीत आणि त्याआधीच्या पाच वर्षांत ठरते. प्रश्न समोर आलाच तर कार्यकर्त्याने न कचरता वीट उचलावी, आपल्या अटी आधी जाहीर कराव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या कचेरीचे दार नेहमीपेक्षा तासभर लवकर उघडावे.