समाजसेवक आणि सोशल वर्कर

बारामतीहून एसटीने इंदापूरला जाताना रस्त्याकडेचे फ्लेक्स वाचत गेलं, तर आपल्या दोन्ही तालुक्यांत समाजसेवकांची ददात नाही असंच वाटेल. वाढदिवस कुणाचाही असो, नावाखाली ‘समाजसेवक’ असतंच. त्याला ना परीक्षा, ना दाखला.

परदेशात मात्र तसं नाही. इंदापूरची माझी एक जुनी विद्यार्थिनी समाजशास्त्रात एम.ए. झाली. सहा-सात वर्षं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राबली. आता तिला सोशल वर्कर म्हणून ऑस्ट्रेलियाला जायचंय. "सर, एवढं काम केलंय, चालेल ना?"

चालणार नाही. तिथे पात्रता तपासते ती ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स. तिला पदवी समाजकार्याचीच लागते, तीही तिथल्या पदवीच्या तोडीची. म्हणजे आपलं बी.एस.डब्ल्यू. किंवा एम.एस.डब्ल्यू. समाजशास्त्र चालत नाही. तिथल्या अभ्यासक्रमात पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली किमान १००० तासांचं क्षेत्रकार्य असतं. त्या मापानं आपलं शिक्षण मोजलं जातं. इंग्लंडमध्ये २००५ पासून आणि न्यूझीलंडमध्ये २०२१ पासून तर नोंदणीशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घ्यायलाच कायद्यानं मनाई आहे.

कुणाला हा अन्याय वाटेल. मला वाटत नाही. मूल आईबापांजवळ ठेवावं की नाही, यावर तिकडे सोशल वर्करचा अहवाल कोर्टापुढे जातो. एवढा अधिकार नुसत्या तळमळीवर कसा द्यायचा? शिकवायची हौस असूनही आम्हाला बी.एड. चुकलं नाही. मागच्या बाकावर निरीक्षक बसवून पाठ घ्यावेच लागले.

खंत आहे ती आपली. मुंबईची टाटा संस्था १९३६ ची, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. शिक्षण इतकं जुनं, पण सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी राष्ट्रीय परिषद अजून नाही. २०२१ च्या कायद्यात आले ते आरोग्यक्षेत्रातले तेवढे.

म्हणून नातवंडांना बारावीनंतरच सांगा: बाहेर जायचं असेल तर समाजकार्याचीच पदवी घ्या, आणि क्षेत्रकार्याच्या तासांची नोंद व पर्यवेक्षकाची सही जपून ठेवा.

माझ्या विद्यार्थिनीलाही मी एम.एस.डब्ल्यू. करायला सांगितलंय. कोणत्याही पदवीवर प्रवेश मिळतो. तिशीनंतर पुन्हा दोन वर्षं घालवणं जड आहे, घरचे कुरकुरतील. पण व्हिसा नाही मिळाला तरी ते शिक्षण उसाच्या फडावर कामी येईलच.