गाणे घरोघरी, अल्बम मात्र दुकानात पडून

ज्याचे एक गाणे लाखोंनी खपते, त्याचा अल्बमही हातोहात खपला पाहिजे, असे कुणालाही वाटेल. मिठाईवाल्याची बर्फी गावात नावाजली गेली की त्याचे पेढेही उचलले जातात, हा बाजाराचा रोजचा अनुभव आहे. पण अमेरिकेतील रॅप संगीताच्या धंद्यात याच्या नेमका उलट अनुभव वारंवार येत आला आहे. एखादे गाणे देशभर वाजते, लग्नाच्या हॉलपासून मोटारीच्या टेपपर्यंत सगळीकडे ऐकू येते. मग त्याच गायकाचा दहा-बारा गाण्यांचा अल्बम बाजारात येतो आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. असे का व्हावे? हा प्रश्न वरवर पाहता नाचगाण्याचा वाटेल. आमच्या मते तो शुद्ध व्यापाराचा प्रश्न आहे आणि ज्यांचा एकच माल चालतो त्या सर्वांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

आकडे काय सांगतात?

फ्लोरिडा राज्यातील फ्लो रायडा या रॅपरचे उदाहरण घेऊ. त्याचे ‘लो’ हे गाणे २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा पहिला अल्बम आला. पहिल्या आठवड्यात खप झाला सुमारे ८६ हजार प्रतींचा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ‘राइट राउंड’ हे गाणे निघाले आणि एकाच आठवड्यात ६ लाख ३६ हजार लोकांनी ते पैसे देऊन संगणकावर उतरवून घेतले. त्या काळातला हा विक्रम होता. महिना-दीड महिन्याने हेच गाणे असलेला अल्बम दुकानात आला, तेव्हा पहिल्या आठवड्यात सुमारे ५५ हजार प्रती गेल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये तिसरा अल्बम आला. त्यातले एक गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन आले होते, तरी अमेरिकेत पहिल्या आठवड्यात अल्बमच्या जेमतेम ११ हजार प्रती विकल्या गेल्या. गाणी गाजतच होती आणि अल्बम घसरतच होता.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या २००८ साली ‘लो’ गाजत होते, त्याच वर्षी जून महिन्यात लिल वेन या रॅपरचा ‘द कार्टर ३’ हा अल्बम आला आणि एका आठवड्यात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. देश तोच, वर्ष तेच, श्रोताही त्याच वयाचा. तेव्हा ‘लोक आता अल्बम विकतच घेत नाहीत’ हे कारण पुरेसे नाही, हे उघड आहे.

काही जण चोरट्या नकलांकडे बोट दाखवितात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. नॅपस्टरवर गाणी फुकट मिळत होती त्या २००० साली एमिनेमच्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात १७ लाखांहून अधिक प्रती गेल्या. लिल वेनचा अल्बमही प्रकाशनापूर्वीच फुटला होता. चोरी सर्वांचीच होत होती. नुकसान मात्र सर्वांचे सारखे झाले नाही.

एका अल्बमची किंमत

कंपन्या अल्बमसाठी एवढ्या का तळमळत, हेही समजून घेतले पाहिजे. अ‍ॅपल कंपनीने एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्स हे दुकान उघडले आणि एका गाण्याची किंमत ९९ सेंट, म्हणजे जवळजवळ एक डॉलर ठेवली. अल्बमला साधारण दहा डॉलर पडत. ढोबळ हिशेब केला तर ‘राइट राउंड’च्या त्या विक्रमी आठवड्याची दुकानातली रक्कम सव्वासहा लाख डॉलरच्या आसपास जाते आणि ५५ हजार अल्बमांची साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे अल्बमचे एक गिऱ्हाईक गाण्याच्या दहा गिऱ्हाइकांच्या बरोबरीचे. शिवाय करारात सहसा अशी अट असते की ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि आगाऊ दिलेली रक्कम कंपनी गायकाच्या वाट्यातून आधी वळती करून घेते. गाणे गाजले म्हणून गायकाच्या हातात पैसा आला, असे होत नाही. अल्बम पडला तर खात्यावर उधारी तशीच उभी राहते, आणि पुढच्या अल्बमवर खर्च करायला कंपनी हात आखडता घेते. विशीतल्या पोराच्या नावाने देश नाचत असतो आणि कंपनीच्या वहीत तो देणेकरी असतो.

कंपन्यांचा जुना तोडगा

यावर कंपन्यांनी पूर्वी एक युक्ती केली होती. १९९० साली एम. सी. हॅमरचे ‘यू कान्ट टच धिस’ गाजले, तेव्हा सुटे गाणे सर्वत्र सहज मिळेल अशा रीतीने ते विकायला ठेवलेच नाही. ज्याला ते हवे त्याने अख्खा अल्बम घ्यावा. त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत एक कोटी प्रती गेल्या. त्याच वर्षी व्हॅनिला आइसचे ‘आइस आइस बेबी’ हे पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले रॅप गाणे ठरले. कंपनीने सुटे गाणे बाजारातून काढून घेतले आणि अल्बम सत्तर लाखांवर गेला. नव्वदीच्या दशकात ही चाल इतकी बोकाळली की अनेक गाजलेली गाणी सुटी निघेनाशीच झाली. अखेर बिलबोर्ड या व्यापारी साप्ताहिकाला डिसेंबर १९९८ मध्ये आपला नियम बदलावा लागला आणि सुटी न विकलेली गाणीही केवळ रेडिओच्या जोरावर यादीत घ्यावी लागली.

ही विक्री खरी होती काय? आमचे उत्तर आहे, ती सक्तीची विक्री होती. साखर हवी असेल तर सोबत साबणही घ्या, असे सांगणाऱ्या दुकानदाराचा साबण खपतो, पण तो गिऱ्हाइकाला आवडला असे त्यावरून ठरत नाही. व्हॅनिला आइसचा पुढचा स्टुडिओ अल्बम १९९४ साली आला आणि सपशेल पडला. हॅमरने तर १९९६ मध्ये दिवाळे जाहीर केले. त्यात त्याच्या अफाट खर्चाचाही वाटा होता, हे खरे. पण एका गाण्याच्या लाटेला कायमचे उत्पन्न समजून खर्च उभा केला की काय होते, हे त्याने जगाला दाखवून दिले.

आयट्यून्सने ही सक्ती मोडली. गिऱ्हाइकाला हवे ते एकच गाणे डॉलरभरात मिळू लागले आणि अल्बमला खरोखर मागणी किती, हे उघडे पडले. अल्बमचा खप आयट्यून्समुळे बुडाला, असे कंपन्या म्हणत. आम्ही म्हणू, त्यातला बराचसा खप आधीपासूनच पोकळ होता.

गिऱ्हाईक कशाचे?

मूळ मुद्दा येथे आहे. गाणे घेणारे गिऱ्हाईक आणि गायकाचे गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसे आहेत.

‘राइट राउंड’ची चाल १९८० च्या दशकातल्या एका गाजलेल्या ब्रिटिश गाण्यावरून घेतलेली. त्याचे ओठांवर बसणारे धृपद बऱ्याच अंशी चालीच्या आणि संगीतकाराच्या करामतीने चालले. ‘लो’मध्ये धृपद टी-पेन या दुसऱ्याच गायकाचे. ऐकणाऱ्याला गाणे पाठ झाले, पण गाणारा कोण, कुठला, त्याचे म्हणणे काय, याची त्याला गरजच पडली नाही. त्याने चाल विकत घेतली आणि व्यवहार तिथेच संपला.

कधी चाल गायकाची स्वतःची असूनही असेच होते. सोल्जा बॉयने २००७ साली वयाच्या सतराव्या वर्षी घरच्या संगणकावर तयार केलेले गाणे सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पण ते पसरले त्याच्यासोबतच्या नाचामुळे. शाळाशाळांतून पोरे तो नाच करीत होती. त्याच सुमारास मोबाइलच्या रिंगटोनचा धंदाही जोरात होता. काही सेकंदांच्या तुकड्याला अख्ख्या गाण्याच्या दुप्पट-अडीचपट पैसे मिळत, आणि अशा गाण्यांना ‘रिंगटोन रॅप’ असे हिणवलेही जाई. नाच जुना झाला, रिंगटोन बदलला. २०१० साली सोल्जा बॉयचा तिसरा अल्बम आला तेव्हा पहिल्या आठवड्यात सुमारे १३ हजार प्रती विकल्या गेल्या.

याउलट लिल वेनने ‘द कार्टर ३’पूर्वी दोन-तीन वर्षे काय केले? मिक्सटेप म्हणून ओळखले जाणारे संग्रह तो एकामागून एक काढीत राहिला आणि ते श्रोत्यांपर्यंत फुकट पोहोचले. वरवर हा घाट्याचा सौदा. पण त्या काळात लाखो तरुणांना त्याच्या शब्दांची सवय लागली आणि ते पुढच्या मालाची वाट पाहू लागले. जे. कोल याने तर डिसेंबर २०१४ मध्ये आधी एकही गाणे बाजारात न सोडता सरळ अल्बम आणला आणि पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांच्या आसपास प्रती विकल्या. गाजलेले गाणे नव्हते, पण माणूस ओळखीचा होता.

सर्वांत बोलके उदाहरण लॉस एंजेलिसच्या निप्सी हसलचे आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने ‘क्रेनशॉ’ हा संग्रह सर्वांना फुकट दिला आणि त्याच वेळी त्याच्या फक्त एक हजार प्रती काढून प्रत्येकी शंभर डॉलरला विकायला ठेवल्या. सगळ्या प्रती संपल्या. जे-झी या नामांकित रॅपरने एकट्यानेच शंभर प्रती घेतल्या. जी वस्तू फुकट मिळते तिला लोक शंभर डॉलर मोजतात, कारण ते वस्तूची नव्हे, माणसाची किंमत मोजतात. रेडिओवर अखंड वाजणारे एकही गाणे तेव्हा निप्सीच्या गाठीशी नव्हते.

आजचे फसवे आकडे

आता दुकानातल्या प्रती गेल्या आणि मोबाइलवर ऐकण्याचा जमाना आला. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड दीड हजार वेळा ऐकले जाणे म्हणजे एक अल्बम विकला जाणे, असे धरू लागले. २०१८ साली पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी १२५० आणि जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांसाठी ३७५० असे प्रमाण ठरविण्यात आले. याचा परिणाम असा की एकच गाणे भरपूर वाजले तरी तो आकडा अल्बमच्या खात्यात जमा होतो. जानेवारी २०१९ मध्ये एका रॅपरचा अल्बम पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा त्या आठवड्यात अख्खा अल्बम पैसे देऊन घेणारे देशभरात फक्त ८२३ निघाले. बाकी सारा आकडा ऐकण्याचा होता.

ऐकण्यालाही किंमत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्या हिशेबात एका गाण्याची गर्दी अल्बमचे यश म्हणून दाखविता येते, तो हिशेब गायकाला आणि कंपनीलाही फसवितो. खप झाला असे समजून मोठ्या हॉलची तिकिटे काढली जातात आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की डोळे उघडतात.

फ्लो रायडाला बहुधा हे लवकर कळले असावे. २०१२ नंतर बराच काळ त्याने पूर्ण लांबीचा अल्बम काढलाच नाही, सुटी गाणी आणि छोटा संग्रह यांवर भागविले. एका शक्तिवर्धक पेयाच्या कंपनीशी केलेल्या जाहिरात करारावरून त्याने दावा लावला आणि जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातील ज्युरीने त्याच्या बाजूने ८ कोटी २६ लाख डॉलरचा निकाल दिला. गाण्याने मिळालेली ओळख कुठे विकली जाते आणि कुठे नाही, हे ज्याने ओळखले त्याने अल्बमचा हट्ट सोडला. यालाही आम्ही व्यापारी शहाणपणच म्हणू.

आपल्याकडील तरुणांसाठी

हा विषय आता परका राहिलेला नाही. मुंबईच्या डिव्हाइनचे आणि कुर्ल्याच्या नेझीचे ‘मेरे गली में’ २०१५ साली गाजले. पण डिव्हाइनने पहिला अल्बम ‘कोहिनूर’ काढला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये, चार वर्षे थांबून. पुण्याच्या एम. सी. स्टॅनने सुट्या गाण्यांवर नाव मिळविल्यावर २०२० आणि २०२२ साली अल्बम आणले. २०२३ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवरील स्पर्धा त्याने जिंकली, ती लोकांच्या मतांवर. ही मते एका चालीला नव्हती, त्या पोराला होती. वस्त्यावस्त्यांतून आज शेकडो मुले मोबाइलवर गाणी तयार करीत आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याचे गाणे उद्या रातोरात गाजेल आणि कागद घेऊन कुणीतरी दारात उभा राहील.

अशा मुलांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. गाण्याची मालकी कुणाकडे राहणार? कोणता खर्च आपल्या वाट्यातून वळता होणार? आणि किती अल्बम देण्याचे बंधन अंगावर येणार? पहिल्या गाण्याच्या गर्दीकडे पाहून चार अल्बमांचे वचन देणे म्हणजे जत्रेच्या दिवसाचा गल्ला पाहून वर्षभराचे भाडे ठरविणे होय. त्यापेक्षा दुसरे, तिसरे, चौथे गाणे ऐकायला कितीजण परत आले ते आधी मोजावे. तेच खरे गिऱ्हाईक आणि अल्बम घेणारेही तेच.