मामा परमानंदांचे पत्र

चिखली तालुक्यातल्या आमच्या वस्तीत विहारामागे एक आजी राहतात. परवा त्यांचा निराधार योजनेचा अर्ज लिहायला बसलो. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली ही माय. "काय लिहू?" विचारले, तर म्हणाली, "लिही बापू, गरीब हाये म्हनून." मी तेवढेच लिहिले. रात्री मात्र ते मनाला लागले, कारण मामा परमानंद आठवले.

१८८८ च्या जुलैत महात्मा जोतिराव फुल्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, तर डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. एकेकाळी ठेकेदारीत चांगला पैसा मिळवलेला हा माणूस, पण सारे समाजकार्यात गेले. दत्तक यशवंत अजून शिकत होता आणि घरात औषधपाण्याचीही ओढाताण.

तेव्हा ३१ जुलै १८९० रोजी नारायण महादेव परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना एक खाजगी पत्र धाडले. लोक त्यांना मामा म्हणत. नावाजलेले लेखक, पत्रकार आणि प्रार्थना समाजाचे पुढारी. आता गंमत पाहा, याच प्रार्थना समाजावर जोतिरावांनी १८८५ साली 'सत्सार'मधून चांगले कोरडे ओढले होते. मामांनी ते मनात धरले नाही.

त्यांनी नुसती गरिबी सांगितली नाही, केलेले काम सांगितले. आणि जोतिरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीची तारीफ करावी तेवढी थोडी, असे लिहिले. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून तिने हालअपेष्टा सोसल्या, हे महाराजांच्या नजरेस आणले. त्या काळी पुरुषाच्या मदतीच्या पत्रात बायकोचे नाव कोण काढत होते? मला त्या पत्रातले हेच सर्वांत मोठे वाटते.

मदत वेळेवर पोचली नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनीच धरले. बडोद्याचे हजार रुपये पुढे त्यांच्यासाठी आले. (त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आपले बाबासाहेब अमेरिकेला गेले, हे घरोघरी ठाऊक आहे.)

सकाळी पुन्हा आजींकडे गेलो. म्हटले, माय, तू केलं काय काय ते सांग. आधी लाजल्या. मग निघाले, की विहाराच्या पायासाठी त्यांनी डोक्यावर मुरूम वाहिला, आणि बापामागे राहिलेल्या तीन नातवंडांना मजुरीवर दहावीपर्यंत नेले. छापील अर्जात याला रकाना नाही. वेगळा कागद जोडला, त्यावर सारे लिहिले आणि वाचून दाखवले.

आजींनी पदराने डोळे पुसले, कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "अंगठा नको, मले सही येते."