मुक्या राखणदाराचा इलाज
धानाच्या रोवणीने शिणलेल्या देहासाठी आणून कोनाड्यात ठेवलेली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी घरच्या कुत्र्याने चावून फस्त केली, असा प्रसंग पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावी उद्भवला, तर ज्या ममतेने आपण त्याला मिठाचे पाणी पाजावयास धावतो, तीच ममता त्याच्या जिवावर बेतण्याचा संभव असतो; कारण मिठाच्या अतिरेकाने रक्तातील सोडियम वाढून मेंदूस इजा पोहोचते. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृतास व रक्तपेशींस, तर आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक जठरास व मूत्रपिंडांस अपाय करतात, आणि लक्षणे प्रकट होईतो इलाजाचा मोलाचा अवधी निघून गेलेला असतो. म्हणून उलटीची वा सुस्तीची वाट न पाहता, उरलेली पट्टी जपून ठेवून, गोळ्यांची संख्या, घटनेची वेळ आणि जनावराचे वजन यांची नोंद करून तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, अथवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर खबर द्यावी. कारण पहिल्या सुमारे २ तासांत तज्ज्ञाने करविलेली उलटी आणि त्यामागून दिलेला सक्रिय कोळसा पुष्कळसे औषध रक्तात भिनण्यापूर्वीच अडवू शकतात. रात्रभर आपल्या अंगणाची राखण करणाऱ्या या मुक्या जिवासाठी औषधे उंचावर, बंद डब्यात ठेवण्याची तजवीज करणे, हे आपले किमान कर्तव्य आहे.